वटंब्याखालची दुसरी हाक

मंगळवार, २५ मे १९९९. दुपारी दोन वाजता उखळवाडीच्या झुंबरबाईला घळीतून पहिली हाक ऐकू आली. "आक्काऽऽ." थोड्या वेळाने दुसरी आली. तिसरी आली नाही. झुंबरबाईने ओ दिली नाही.

वेळ घड्याळावरून ठरलेली नाही. त्या दिवशी रानात गेलेल्या दोघींपैकी कुणाकडेच घड्याळ नव्हते. मलकापूरहून येणारी एसटी दोन वाजता घाटाच्या शेवटच्या वळणावर लांब हॉर्न देते, तो सड्यावर ऐकू येतो. हॉर्न विरला आणि हाक आली, असे झुंबरबाईने पुढे विचारणाऱ्या प्रत्येकाला सारखेच सांगितले. दोन हाकांमधले अंतर मात्र तिला कधीच नक्की सांगता आले नाही. एकदा ती म्हणाली, एक फळ तोडायला लागते तेवढे. एकदा म्हणाली, पदराला हात पुसायला लागतो तेवढे.

उखळवाडी मलकापूरपासून सव्वीस किलोमीटरवर, सह्याद्रीच्या काठाला आहे. एक्केचाळीस उंबरे. वाडीच्या पश्चिमेला जांभ्या दगडाचा उघडा सडा, सड्याच्या टोकाला दाट झाडीची घळ, घळीच्या तोंडाशी कडा आणि कड्याखाली कोकण. सड्याच्या टोकावर एक जुना वटंबा आहे, त्याला वाडीत थोरला म्हणतात. दुसरा खाली घळीत, साधारण तीनशे पावलांवर. तो धाकला.

वटंबा हे फणसाच्या कुळातले झाड. सरळ, उंच, खरखरीत पानांचे. फळ मुठीएवढे, पण गोल नाही. ओल्या मातीचा गोळा चारी बाजूंनी दाबावा तसे ओबडधोबड, आणि वरून मखमलीसारखे. पिकले की पिवळे होते, आतून केशरी निघते. मुलांना पिकलेला आवडतो. बायकांना लागतो तो निमपिका. त्याच्या चकत्या करून, मीठ लावून, छपरावर वाळवल्या की वर्षभर आमटीला चिंच लागत नाही. फळ जमिनीवर आपटले तर आतून सडते, म्हणून या कामाला दोघी लागतात. एकीने आकडी लावून फळ सोडवायचे, दुसरीने खाली जुने लुगडे धरून झेलायचे. हाताला आधी गोडेतेल चोळायचे, नाहीतर चीक आठ-आठ दिवस निघत नाही.

या कामाचे दोन नियम आहेत. उखळवाडीत ते लहान पोरालाही पाठ असतात. रानात माणसाने हाक मारायची ती तीनदा, आणि ओ द्यायची ती तिसऱ्या हाकेनंतरच. दोनदा हाक मारून थांबते ते माणूस नव्हे. दुसरा नियम पहिल्यातूनच निघालेला: अशी अर्धी हाक कानावर आली, तर तीन दिवस कुणापाशी बोलायचे नाही. बोलले की ती हाक बोलणाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत येते आणि घरातले सगळ्यात धाकटे माणूस मागते.

झुंबरबाई तेव्हा अडतीस वर्षांची होती. तिच्या घरातले सगळ्यात धाकटे माणूस म्हणजे वर्षाराणी, अडीच वर्षांची. वर्षाराणी ही तिच्या धाकट्या जावेची, शालूबाईची मुलगी. घळीत गेली होती ती शालूबाईच.

शालूबाई शिरोळची. झुंबरबाईचा दीर बाळासो उसाच्या हंगामात शिरोळला ट्रॅक्टर चालवायचा. तिथेच लग्न ठरले. सासरा वारल्यावर, १९९८ मध्ये, नवराबायको वाडीवर राहायला आले. कृष्णाकाठच्या सपाट मुलखातून आलेल्या या पोरीला पहिले वर्षभर चढावर चालताना दम लागायचा, आणि त्यावर ती स्वतःच हसायची. हाकांच्या नियमावरही हसायची.

त्या दिवशी सकाळी सड्यावरून जाताना दोघींचे जे बोलणे झाले, ते झुंबरबाईला शब्दशः आठवते.

"ह्ये बघ, खाली गेलीस तर तीनदा हाक मारायची. ध्यानात हाय न्हवं?"

"आक्का, आमच्याकडं एका हाकंत टॅक्टरवाला बी थांबतोय. त्यो तर भैरा असतोय."

"चेष्टा नगं शाले."

"बरं बाई, तीनदा. आन चौथी फुकट घालू का वर?"

बारापर्यंत दोघींनी मिळून थोरल्याची फळे उतरवली. हाताला येण्याजोगी संपली. धाकला लगडला होता, तो सड्याच्या कडेवरून दिसत होता. शालूबाई म्हणाली, तुम्ही इथली गोळा करून बांधा, मी तेवढ्यात खालच्या फांदीची काढते. खालची फांदी बुटकी आहे, झेलायला कुणी नको. आकडी, कोयता आणि तेलाची बाटली घेऊन ती उतरली. झुंबरबाईने तिला अडवले नाही. घळ हाकेच्या टप्प्यात होती.

दुसऱ्या हाकेनंतर झुंबरबाई लुगड्याची गाठ हातात धरून तशीच बसून राहिली. आवाज शालूबाईचा होता का, हे तिला तेव्हाही सांगता आले नसते. घळीतून येणारा आवाज कातळावर आपटून येतो, पातळ होतो. "आक्का" म्हणायला तर वाडीतली निम्मी माणसे तिला आक्काच म्हणत. ती तिसऱ्या हाकेची वाट पाहत राहिली. मग उठून कडेपर्यंत गेली. खाली धाकल्याचा शेंडा दिसत होता आणि तो हलत नव्हता. वारा नव्हता. एवढा वेळ ओरडणारे वानरही गप्प होते. ती तिथे किती वेळ उभी होती, हे तिला माहीत नाही. खाली उतरली नाही, हे मात्र माहीत आहे. शालूबाई ओढ्याच्या वाटेने परस्पर घरी गेली असेल, असे मनाशी म्हणून तिने गाठोडे उचलले.

सव्वातीनला ती घरी पोचली. सासू धोंडुबाई अंगणात वर्षाराणीला घेऊन बसली होती.

"शाली कुठं?"

"आली न्हाय व्हय अजून?"

"तुझ्यासंगं गेलती न्हवं?"

झुंबरबाईने पोरीकडे पाहिले. पोर शालूबाईच्या जुन्या बांगड्यांशी खेळत होती.

"घळीत उतरली हुती. मी हाका मारल्या, पर ओ न्हाय दिली तिनं. म्हटलं म्होरं आली आसंल."

या उत्तरातला हाकेचा भाग उलटा होता. पुढचे दोन दिवस त्या उलट्या उत्तरावर गेले.

ओ आली नाही म्हणजे शालूबाई घळीत नव्हतीच, असा अर्थ सगळ्यांनी काढला. बाळासोने तर वेगळाच अर्थ काढला. आदल्या रविवारी नवराबायकोचे भांडण झाले होते. तिला माहेरी जायचे होते, तो पाऊस लागल्यावर जाऊ म्हणाला होता. ओढ्याची वाट पुढे डांबरी सडकेला मिळते आणि मलकापूरला परत जाणारी एसटी साडेतीनला तिथून जाते. ती रुसून गेली, असे त्याने धरले. त्या संध्याकाळी वाडीतल्या पोरांनी ओढ्याकडची बाजू पाहिली. बुधवारी सकाळी बाळासो मलकापूर, कोल्हापूर करत शिरोळला गेला. ती तिथे नव्हती. गुरुवारी दुपारी तो परत आला तेव्हा शालूबाईचा थोरला भाऊ त्याच्याबरोबर होता. त्याला सगळे आण्णा म्हणत. मलकापुरात उतरून दोघांनी पोलिसांत खबर दिली होती.

पोलिसांचा निरोप मिळून वनरक्षक अमरसिंह त्याच वेळी वाडीवर पोचला. सत्तावीस वर्षांचा, करवीर तालुक्यातला, या भागात दोन वर्षे काढलेला. त्याने वहीत पहिली ओळ लिहिली: गुरुवार, २७ मे, १५.५०, शेवटी कुणी पाहिले, कुठे.

झुंबरबाई दाराच्या आत, उंबऱ्याला पाठ लावून बसली होती. तिने तेच उत्तर दिले. आण्णा अंगणात उभा राहून ऐकत होता.

"तुमी किती हाका मारल्या?" त्याने विचारले.

"तीन."

"तीनच?"

कुणीतरी त्याला नियम समजावून सांगितला. आण्णाने तो पुरता ऐकून घेतला. शिरोळला पूर आला की होडी घेऊन जाणाऱ्यांपैकी तो होता.

"पावणं, मला एक सांगा. आमच्याकडं पाण्यातनं एक हात वर दिसला की उडी टाकावी लागती. बुडणारं माणूस मोजून वरडतंय व्हय? एक झाली, दोन झाल्या, आता तिसरीला नाकात पाणी गेलं तर काय म्हणायचं, पुढच्या खेपंला ये?"

झुंबरबाई उठली. नियमाप्रमाणे शुक्रवारी दुपारी दोनला तीन दिवस पुरे होणार होते. बावीस तास उरले होते.

"मी मारल्या न्हाईत हाका," ती म्हणाली. "तिनं मारल्या. दोन. घळीतनं. मी ओ दिली न्हाय."

अंगणात पहिला आवाज आला तो धोंडुबाईचा. "सांगितलंस? उंबऱ्यात हुबी ऱ्हाऊन सांगितलंस?" म्हातारीने पोर उचलले, छातीशी घट्ट दाबले आणि अनवाणी शेजारच्या घराकडे पळाली. पळताना ती एका हाताने पोरीचा कान झाकत होती. बाळासो वहिनीकडे वळला. मग म्हणाला, "वैनी, मी शिरोळला गेलतो. दोन दिस मी एसटीत बसून काढलं."

साडेचारला लोक निघाले. आण्णा आणि बाळासो दोर घेऊन कड्याच्या वरच्या अंगाने गेले, वरून खाली दिसावे म्हणून. घळीत उतरले ते चौदा जण, पुढे अमरसिंह. झुंबरबाईला कुणी चल म्हणाले नव्हते. ती शेवटी चालत होती.

मेच्या अखेरीस घाटमाथ्यावर दुपारनंतर कोकणातून धुके चढते. घळीत ते आधीच भरले होते. पुढच्या माणसाची पाठ दिसे, त्याच्या पुढची नाही. पाचोळा ओला होता, त्यामुळे चौदा माणसे चालत असूनही पावलांचा आवाज येत नव्हता. पाच वाजून दहा मिनिटांनी ते धाकल्या वटंब्यापाशी पोचले.

झाडाखाली जे होते ते अमरसिंहने वहीत उतरवले. आकडी, बुंध्याला टेकवून उभी. तेलाची बाटली, बूच लावलेली. डाव्या पायाची एक चप्पल. फळांचे गाठोडे, गाठ पक्की, आत सतरा वटंबे. बुंध्यावर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर चिकाचे दोन पंजे उमटलेले, वाळून काळे पडलेले, तेलकट. कुणीतरी दोन्ही हातांनी झाड धरले होते. त्याच्या वर, दोन पुरुष उंचीपर्यंत, सालीवर पाच-पाच नखांच्या रेघा. रेघांतून चीक अजून ओघळत होता. रक्त कुठेही नव्हते. कोयता नव्हता.

"अस्वल," मागून एकजण हळू आवाजात म्हणाला.

"अस्वल आलं आसतं तर गाठोडं ठेवलं आसतं व्हय?" दुसरा म्हणाला. "पिकला वटंबा म्हंजे त्येचा जीव की प्राण."

"मग नखं कुणाची?"

अमरसिंह खाली वाकला होता. गाठोड्यापासून हातभर अंतरावर दगडावर एक फळ होते, कोयत्याने मधोमध कापलेले. त्याने ते उचलून झुंबरबाईपुढे धरले. या कामातले तिच्याइतके तिथे कुणाला कळत नव्हते.

कापलेला वटंबा तासाभरात काळवंडतो. दोन दिवसांत त्यावर बुरशी येते. हा आतून केशरी होता. कापलेल्या कडेवर चिकाचा थेंब होता, त्याला झुंबरबाईने बोट लावले तेव्हा तो तुटला नाही, दोरीसारखा ताणला गेला.

"आत्ताचा हाय," ती म्हणाली.

पाच वाजून वीस मिनिटे. हाक आली.

"आक्काऽऽ."

घळीच्या तोंडाकडून, कड्याच्या बाजूने. सगळे जिथे होते तिथे उभे राहिले. एकाचा पाय दगडावर अर्धा होता, तो तसाच राहिला. धुक्यात चौदा माणसे, आणि प्रत्येकाचे तोंड मिटलेले. कुणी कुणाला खूण केली नव्हती. लहानपणापासून लागलेली सवय होती ती. अमरसिंह या वाडीचा नव्हता. त्याने पुढे वरिष्ठांना सांगितले की, दिशा पक्की व्हावी म्हणून मी पुढच्या हाकेची वाट पाहिली. पण त्याने घड्याळात पाहिले होते आणि मनात एक असे मोजले होते, हेही त्याने सांगितले.

वीस सेकंदांनी दुसरी.

"आक्काऽऽ."

कुणीच हलले नाही. झुंबरबाईला शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. तो रोखून धरलेला होता आणि नाकातून थोडा थोडा सुटत होता. तिने तोंड उघडले. तिने हातातले कापलेले फळ गच्च दाबले, त्याचा रस मनगटावर आला आणि मग आवाज फुटला.

"ओऽऽ! शाले, ओऽऽ! हितंच हाय मी!"

आणि ती पळत सुटली. अमरसिंह तिच्यामागे. काट्यांनी तिचे पातळ फाटले, ती दोनदा पडली. घळीच्या तोंडाशी, कड्यापासून पाच-सहा हातांवर त्याने तिला दंडाला धरून थांबवले. पुढे धुके होते आणि धुक्याच्या खाली काहीच नव्हते. दोघे उभे राहिले. तिने पुन्हा ओ दिली, पुन्हा दिली. तिसरी हाक आली नाही.

वरून आण्णा आणि बाळासो दोर सोडून उतरले. त्या दोघांना हाक ऐकू आली नव्हती, फक्त झुंबरबाईची ओ ऐकू आली. चौदांपैकी बारा जणांनी दोन्ही हाका ऐकल्याचे सांगितले, दोघांनी एकच. बाईचा आवाज होता, यावर सगळ्यांचे एकमत झाले. शालूबाईचा होता का, यावर झाले नाही.

आण्णा एका दगडावर बसला. त्याने तोंडावरून हात फिरवला. "चौदा माणसं," तो म्हणाला. "चौदा माणसं हुबी हुती आन एकाच्या तोंडातनं आवाज निघाला न्हाय?" मग झुंबरबाईकडे पाहून म्हणाला, "आक्का, तुमी तरी वरडला. पर वरडायला उशीर किती केला, बघा."

शोध आणखी दहा दिवस चालला. दोर लावून कडा उतरले. खालच्या कोकणातल्या दोन गावांना निरोप गेला, त्यांनी त्यांची बाजू पाहिली. अस्वलाची विष्ठा सापडली, तिच्यात वटंब्याच्या बिया होत्या. केस, कापड, बांगडीची काच काही नव्हते. दुसरी चप्पल सापडली नाही. कोयता सापडला नाही. सहा जूनला पाऊस लागला आणि घळीत उतरणे बंद झाले.

धोंडुबाईने पोरीला तीन महिने उंबऱ्याबाहेर सोडले नाही. उंबऱ्यावर रोज तिन्हीसांजेला मिठाची रेघ ओढायची. पोरीला काही झाले नाही. चौथ्या वर्षी तिला साधा ताप आला, तेव्हा म्हातारी झुंबरबाईशी आठ दिवस बोलली नाही.

वर्षाराणीला झुंबरबाईनेच वाढवले. आई रानात गेली, एवढेच तिला सांगितले होते. ती झुंबरबाईला आक्का म्हणते. नियम मात्र तिला आजीकडून मिळाले, सगळे, इतर पोरांसारखेच. झुंबरबाईने ते पुसून काढायचा प्रयत्न केला. "कुणी बी हाक मारली तर पयल्या हाकंला ओ द्यायची," ती पोरीला बजावायची. "आन काय ऐकलंस तर लगी मला सांगायचं." पोर दोघींचेही ऐकून घ्यायची.

धाकल्या वटंब्याला १९९९ नंतर कुणी आकडी लावली नाही. थोरल्यालाही बायका जात नाहीत. झुंबरबाई दरवर्षी पंचवीस मेला एकटी जाते, एसटीचा हॉर्न झाला की उभी राहते आणि घळीकडे तोंड करून तीनदा ओ देते. हाक नसताना. मग फळे न घेता परत येते.

२००६ च्या एप्रिलमध्ये बाळासो तिला घेऊन कोल्हापूरला गेला. शाहूपुरीत शशिधर नावाच्या वकिलांचे ऑफिस आहे, पहिल्या मजल्यावर. सात वर्षे माणसाचा पत्ता नसेल तर ते मयत असल्याचे कोर्टाकडून ठरवून घेता येते. बाळासोला पन्हाळ्याकडचे एक स्थळ आले होते. त्याने घाई केलेली नव्हती. सात वर्षे तो थांबला होता.

"मावशी, साधं प्रतिज्ञापत्र आहे," वकील म्हणाले. "शेवटचं तुम्ही पाहिलं, म्हणून तुमचं लागतं. पंचवीस मे नव्व्याण्णवपासून ती जिवंत असल्याची काही खबर तुम्हाला नाही. एवढंच."

"आन सत्तावीस तारखेचं काय? गुरवारचं? चौदा जणांनी ऐकली."

"ते आपण लिहू. 'कुणाचा आवाज ते ओळखता आले नाही.' आपण सत्तावीसपासून मोजू. दोन दिवसांनी काय फरक पडतो? त्यानंतर काही ऐकलं का तुम्ही?"

"न्हाय."

"मग झालं की."

"वकीलसाहेब, मी ओ देऊन बसलीया. ओ दिली म्हंजे माणूस यायचं आसतंय. आता कागदावर मीच कसं लिवून देऊ, की ती न्हाय म्हनून?"

बाळासो खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत होता. "वैनी," तो म्हणाला, "ती मंगळवारचीच गेली आसंल तर? तुमी त्या दिशी ऐकलेली हाक तीच शेवटची आसंल तर? तुमाला त्येच लिवायचं न्हाय, व्हय की न्हाय?"

वकिलांनी कागद तयार करून दिला, आपल्या ओळखीच्या नोटरीपुढे अंगठा द्यायला जूनच्या पहिल्या आठवड्यात या म्हणाले. तो कागद घरात पत्र्याच्या ट्रंकेत आहे.

गुरुवार, २५ मे २००६. झुंबरबाई दीडला सड्यावर निघाली. वर्षाराणीला तिने घरी ठेवले होते. पोर साडेनऊ वर्षांची झाली आहे. ती मागोमाग आली, हे झुंबरबाईला कळले नाही.

थोरला त्या वर्षी भरून आला होता. खाली पडून सडलेल्या फळांचा आंबट वास होता, वर माश्या. झुंबरबाई कडेला बसली. दोनला हॉर्न झाला. ती उठू लागली, आणि तिच्या पाठीमागून आवाज आला.

"ओऽऽ."

तिने वळून पाहिले. वर्षाराणी वीस-पंचवीस पावलांवर सड्यावर उभी होती, घळीकडे तोंड करून. झुंबरबाईला त्याआधी काही ऐकू आले नव्हते. वारा नव्हता. धाकल्याचा शेंडा हलत नव्हता.

"कुणाला ओ दिलीस?"

पोर बोलली नाही.

"वर्षा, कुणी हाक मारली? काय म्हनून मारली? तुला नावानं मारली?"

पोरीने मान खाली घातली. झुंबरबाईने तिचे खांदे धरले. "किती ऐकल्यास? तेवढं तर सांग, बाळा."

वर्षाराणीने दोन बोटे वर केली. मग ती तोंडावर हात ठेवून रडायला लागली. तिला घरातले सगळ्यात धाकटे माणूस कोण, हे माहीत होते.

वाटेत आणि घरी झुंबरबाईने तिला सांग म्हणून विनवले, रागावली, पाया पडली. गप्प बसल्याने काय झाले, ते सगळे पहिल्यांदाच पोरीला सांगितले. धोंडुबाई आता ऐंशीच्या पुढे आहे, तिला दिसत नाही. ती खाटेवरून एकच वाक्य म्हणत होती: "पोरीला बोलायला लावू नगा." पोर आजीच्या खाटेखाली जाऊन बसली. बाळासो संध्याकाळी आला. त्याने ट्रंकेतला कागद काढला, वाचला आणि परत ठेवला.

अमरसिंहची बदली चार वर्षांपूर्वीच झाली होती. झुंबरबाईने मलकापूरहून त्याला फोन लावला. शुक्रवारी सकाळी तो स्वतःच्या सुट्टीत आला आणि दोन माणसे घेऊन घळीत उतरला. या वेळी ते दर पन्नास पावलांवर हाक मारत गेले, आणि उत्तरासाठी थांबत गेले. धाकल्याखाली पाचोळ्याचा थर होता, त्यावर कुजलेली फळे. नव्या चिकाची खूण कुठे नव्हती. खालच्या बुटक्या फांदीवर एकही फळ नव्हते आणि त्या फांदीखाली पडलेलेही नव्हते. वानरांनी नेली असतील, असे त्याने वहीत लिहिले. पुढे प्रश्नचिन्ह केले.

शनिवारी आण्णा शिरोळहून आला. तो खाटेपाशी जमिनीवर बसला आणि भाचीला म्हणाला, मी आहे उंबऱ्यावर, कुणी येत नाही, तू सांग. तिने मान हलवली, नाही अशी.

शनिवारी रात्रीपर्यंत वर्षाराणीने काय ऐकले ते सांगितलेले नाही. झुंबरबाईने कागदावर अंगठा दिलेला नाही. तीन दिवस रविवारी दुपारी दोन वाजता पुरे होतात.